‘समजलं का?’ ‘हो बाई!’

पहिल्या घटक चाचणीचे पेपर आठवले की अजून कानशिलं तापतात. भांडुपची मराठी शाळा, दुपारचं सत्र, सहावीचा वर्ग, ५२ मुलं. विषय अपूर्णांकांची बेरीज. पाठाचं टाचण असं काढलं होतं की कुणी नावं ठेवू नयेत. फळ्यावर चार गणितं सोडवली. प्रत्येक गणितानंतर विचारलं, ‘समजलं का?’ अख्खा वर्ग सुरात, ‘हो बाई!’

दहा दिवसांनी पेपर हातात. १/२ + १/३ = २/५. निम्म्या वर्गाचं उत्तर हेच. मी स्टाफरूममध्ये तणतणले, ‘पोरं लक्षच देत नाहीत.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. बरं वाटलं, आणि तेच वाईट झालं.

कारण मुलं खोटं बोलत नव्हती. फळ्यावर सुटलेलं गणित समोर असतं तेव्हा प्रत्येक पायरी पटते. ते पटणं खरंच असतं, पण ती नुसती ओळख झाली. फळा पुसल्यावर तीच पायरी स्वतः काढणं हे मनाचं वेगळंच काम. आपण पहिलं तपासतो आणि दुसरं झालं असं धरून चालतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६मध्ये कॉलेजच्या मुलांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं. आपला ‘समजलं का?’ त्या पाच मिनिटांतच विचारलेला असतो! म्हणून तास संपताना वर्ग छान वाटतो आणि चाचणीत तोंडावर आपटतो.

आता मी तासाची पहिली पाच मिनिटं वह्या-पुस्तकं बंद ठेवते. कालचा एक प्रश्न, गेल्या आठवड्यातला एक. गुण नाहीत, ओरडा नाही. गुण दिलेत की मुलं शेजारच्याच्या वहीत डोकावणार, मग सगळंच फुकट. प्रश्न विचारल्यावर मनात तीन अंक मोजा. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षण-संशोधिकेने वर्गांचं ध्वनिमुद्रण ऐकलं, तर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली. आपल्याला मात्र ते तीन सेकंद तीन मिनिटांसारखे वाटतात.

‘हे मूल बघून शिकणारं, ते ऐकून शिकणारं’ अशा याद्या करू नका. मी सेमिनारमध्ये तक्ते भरलेत, दोन शनिवार गेले. त्या वाटणीप्रमाणे शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा नाही, असं या विषयावरच्या संशोधनांच्या २००८च्या आढाव्यात निघालं. शाळेतल्या एखाद्या जुन्या बाईंच्या वर्गात मागे बसा, जास्त मिळेल. पण ‘मुलांना धाकात ठेव’ एवढंच सांगणाऱ्या बाईंच्या नको.

पहिले दोन आठवडे वर्ग गप्प बसेल. घाबरू नका, माझाही बसला होता. तिसऱ्या आठवड्यात, ‘हो बाई’ सगळ्यात मोठ्याने म्हणणाऱ्या मुलाने हात वर केला, ‘बाई, पण छेद सारखा करायचाच कशाला?’

मला पटकन सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी डब्यात दोन चपात्या जास्त नेल्या आणि त्याच्याच बाकावर बसून कापल्या.