नेट नसलं तरी डेमो चालला पाहिजे: लॅपटॉपमध्येच व्हर्च्युअल मशीन असं लावा

मागच्या वर्षी लातूरला प्रोजेक्टचा डेमो होता, सोयाबीनची आवक अन् भाव नोंदवायचं साधं वेब ॲप, घरी एकदम झकास चालायचं अन् तिथं ऐन वेळेला लाईट गेली, लाईटीबरोबर वायफाय गेलं आणि ॲप होतं क्लाउडवर. सर समोर बसलेले अन् मी नुसतं रिफ्रेश मारायलो. तेव्हापासून डेमो व्हर्च्युअल मशीनमध्येच नेतो, म्हणजे लॅपटॉपच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर, ॲप, डेटाबेस सगळं त्यातच.

आधी टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू उघडा अन् व्हर्च्युअलायझेशन एनेबल्ड आहे का बघा. नसलं तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये जाऊन चालू करा, इंटेलला व्हीटी-एक्स, एएमडीला एसव्हीएम असं काहीतरी नाव असतंय. मग व्हर्च्युअल मशीन चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स टाका, फुकट आहे, आणि त्या मशीनमध्ये टाकायला उबुंटू सर्व्हर २४.०४ (लिनक्स) ची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची फाईल उतरवा, फाईल अडीच जीबीच्या पुढं आहे त्यामुळं रात्री लावूनच झोपा.

नवीन मशीनला २ जीबी रॅम बास होते. लॅपटॉपला एकूण ८ असताना मशीनला ६ देणारे लई बघितलेत, मग विंडोजचाच जीव गुदमरतो. डिस्क २५ जीबी, डायनॅमिक ठेवा, म्हणजे लागेल तशीच जागा घेते. उबुंटू इन्स्टॉल करताना ओपन एसएसएचवर (विंडोजमधून मशीनला कमांड द्यायची सोय) टिक मारा, मग पायथन, जँगो (पायथनमधलं वेब ॲपचं फ्रेमवर्क), डेटाबेस जे लागतंय ते नेट आहे तोवरच टाकून घ्या.

आता सगळे अडकतात ती जागा. मशीनचा आयपी १०.०.२.१५ दिसतो, आपण तोच ब्राउझरमध्ये टाकतो अन् काहीच उघडत नाही, कारण नॅट या मशीनच्या नेहमीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये बाहेरून आत जायला रस्ताच नसतो, तो आपण करून द्यायचा. सेटिंग्ज, नेटवर्क, पोर्ट फॉरवर्डिंग, तिथं होस्ट (आपला लॅपटॉप) पोर्ट ८०८० अन् गेस्ट (आतलं मशीन) पोर्ट ८००० लिहा. एवढं करूनही उघडंना तर जँगोचा सर्व्हर १२७.०.०.१ वरच ऐकायलाय, म्हणजे मशीनच्या आतल्या आतच, त्याला रनसर्व्हर या चालू करायच्या कमांडपुढं ०.०.०.०:८००० देऊन चालू करा. मग ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:८०८० टाका, ॲप समोर.

आता वायफाय बंद करून सगळी पानं एकदा फिरवून बघा, हे चुकवू नका. माझं बूटस्ट्रॅप, म्हणजे पानाची सजावट करणाऱ्या फायली, बाहेरच्या लिंकवरून येत होतं, नेट काढल्याबरोबर टेबल, बटणं सगळी विस्कटली, पांढऱ्या पानावर नुसत्या निळ्या लिंका उरल्या. त्या फायली प्रोजेक्टच्या स्टॅटिक फोल्डरमध्ये आणून ठेवा.

सगळं नीट झालं की व्हर्च्युअलबॉक्समध्ये स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या त्या क्षणाची नोंद घ्या, डेमोत उलटसुलट एंट्री पडली तर मागं जाता येतं. निघताना मशीन शटडाऊन न करता सेव्ह स्टेट करा, तिथं उघडलं की ॲप होतं तिथूनच चालू.

मित्राच्या लॅपटॉपसाठी एक्सपोर्ट करून ओव्हीए फाईल (अख्खं मशीन एकाच फाईलमध्ये) पेनड्राईव्हवर घ्या. ती ४ जीबीच्या वर गेली तर फॅट३२ या जुन्या फॉरमॅटच्या पेनड्राईव्हवर बसत नाही, पेनड्राईव्ह एक्सफॅटला फॉरमॅट करा, पण आधी त्यातला जुना डेटा काढून घ्या.