"कुणाकडं आलात?" : वेगळ्या चेहऱ्याच्या कुटुंबानं कोकणातल्या गावात सुट्टी कशी घालवावी

मी पुण्याची, नवरा मणिपुरातल्या इंफाळचा, मैतेई समाजाचा. दोन्ही मुलांनी चेहरा बापाचा घेतलाय आणि तोंडात मराठी माझी आहे. पुण्यात आता आमच्याकडं कुणी वळून बघत नाही. पण कोकणात फाट्यावर एसटीतून उतरलो की टपरीवरच्या सगळ्या माना एकदम वळतात. तरीही श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत आम्ही दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावात चार-पाच दिवस राहतो, आणि मुलं वर्षभर त्या दिवसांची वाट बघतात. ज्यांना अशा गावात जावंसं वाटतं पण "आपल्याला तिथं कसं वागवतील" या विचारानं पाऊल अडतं, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

मुख्य गोष्ट आधी सांगते, कारण बाकी सगळं तिच्यातूनच निघतं. कोकणात पहिला प्रश्न "तुम्ही कोण?" हा नसतो, "कुणाकडं आलात?" हा असतो. मालवणीत "खंयचे तुमी?" हा प्रश्न मुंबईहून आलेल्या चाकरमान्यालाही चुकत नाही. गावात माणूस कुणाचा तरी असतो. तेव्हा आपण कुणाचे, हे ठरवूनच गावात पाऊल टाकायचं.

गाव आणि दिवस निवडणं

पहिल्या खेपेला असं गाव घ्या जिथं लोक परक्या माणसाला घरात उतरवून घ्यायला सरावलेत. मंडणगड तालुक्यातलं वेळास मला यासाठी सगळ्यात योग्य वाटतं. तिथं उन्हाळ्याच्या तोंडाला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, ती बघायला लोक येतात आणि गावातल्या घरांतच राहतात. पहाटे आणि संध्याकाळी सगळे एकाच दोरीमागं उभे राहून वाळूकडं बघत असतात, तुमच्या चेहऱ्याकडं बघायला कुणाला सवड नसते. दक्षिणेत जायचं तर तारकर्ली-देवबागच्या बाजूला भरपूर घरगुती सोयी आहेत. राज्याच्या पर्यटन खात्याच्या 'निवास व न्याहारी' योजनेत नोंदलेली घरं मिळाली तर उत्तम, त्यांना पाहुण्यांच्या कागदपत्रांची माहिती असते.

तीन गावं दोन-दोन दिवसांत उरकू नका. एकाच घरी चार रात्री काढा. पहिल्या दिवशी लोक बघतात, दुसऱ्या दिवशी विचारतात, तिसऱ्या दिवशी मुलांना नावानं हाक मारतात. दुसऱ्याच दिवशी गाव सोडलं तर तुमच्या वाट्याला नुसतं बघणंच येतं.

शनिवार-रविवार टाळा, ही सूचना माझ्या मते सगळ्यात मोलाची. आमच्या वाट्याला आलेले घाणेरडे शेरे बहुतेक गावकऱ्यांचे नव्हतेच, ते किनाऱ्यावर गाड्या लावून बसलेल्या पर्यटकांचे होते. सोमवारी दुपारी पोचून शुक्रवारी निघालं की तोच किनारा वेगळा असतो. जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या मासळीच्या आशेनं जाऊ नका. गणपतीत घरं माणसांनी भरलेली असतात, पहिल्या ओळखीचे ते दिवस नव्हेत. शिमग्यात गेलात तर एक ध्यानात ठेवा: पोरं रस्ता अडवून पोस्त, म्हणजे सणाचे पैसे मागतात, सिंधुदुर्गात त्यालाच शबय म्हणतात. पहिल्या वर्षी मला वाटलं आमचीच गाडी हेरून अडवलीय. मागं वळून बघितलं तर मागच्या तिन्ही गाड्या अडवल्या होत्या. दहा-वीस रुपये द्यायचे आणि हसत पुढं जायचं.

फोनवर सगळं सांगा

नुसतं ॲपवर बटण दाबून खोली घेऊ नका. घरमालकाला फोन करा आणि स्वतःहून सांगा. मी साधारण असं बोलते: "दादा, आम्ही चौघं येतोय. मी पुण्याची, माझे मिस्टर मणिपूरचे आहेत, इंफाळचे. आम्ही सगळे भारतीयच, आधार कार्ड चौघांची आहेत. तुमच्याकडं चार रात्री राहायचंय."

यात परवानगी मागायची नसते. समोरचं घर कसं आहे, ते दारात पोचण्याआधी आपल्याला कळावं एवढ्यासाठी हे सांगायचं. उत्तर नीट ऐका. "मासे खातात ना सगळे?" असा प्रश्न आला की मी बुकिंगचे पैसे पाठवते. "बघून कळवतो" असं आलं की ते घर सोडते, पुन्हा विचारत बसत नाही. माझ्या एका मुस्लिम मैत्रिणीनं हाच धडा वेगळ्या वाटेनं घेतला. दोनदा तिचं आडनाव ऐकल्यावर रिकामी खोली भरलेली झाली. तेव्हापासून ती फोनवर पहिल्या वाक्यातच पूर्ण नाव सांगते. तिला दुखतं, मलाही ते ऐकताना दुखतं, पण दमलेल्या मुलांना घेऊन दारातून परतण्यापेक्षा हे बरं.

ते परतणं आम्ही एकदा भोगलंय. रात्रीचे आठ वाजलेले, धाकटा झोपेला आलेला. मालकानं कंदिलासारखा मोबाईल वर धरून नवऱ्याच्या तोंडावर उजेड पाडला आणि म्हणाला, "फॉरेनर चालत नाहीत. पासपोर्ट दाखवा." आधार दाखवलं तरी त्याचा जीव काही थाऱ्यावर येईना. त्या रात्री आम्ही तालुक्याच्या गावी लॉजवर झोपलो. मुलीनं विचारलं, "बाबा फॉरेनर आहेत का?" त्या प्रश्नानंतर मी फोन केल्याशिवाय एकदाही निघाले नाही.

मालकाची भीती कशाची असते, तेही समजून घ्या. परदेशी पाहुणा उतरला तर त्याची माहिती २४ तासांत सरकारला कळवावी लागते. लोक त्याला अजून 'सी फॉर्म' म्हणतात, आणि बऱ्याच घरांना ते जमत नाही. ईशान्येकडच्या भारतीय नागरिकाला यातलं काहीच लागू नाही. हे शांतपणे सांगा आणि आधारची प्रत आदल्या दिवशीच व्हॉट्सॲपवर पाठवा. कुटुंबातलं कुणी खरंच परदेशी नागरिक असेल, तर ही नोंद करणारंच घर निवडा आणि पासपोर्ट, व्हिसाच्या प्रती जवळ ठेवा.

पहिला दिवस

उजेडी पोचा. तिन्हीसांजेनंतर आलेल्या पाहुण्याला गाव अंधारात बघतं, आणि अंधारातली ओळख धड होत नाही. घराला नाव असेल ते, वाडीचं नाव आणि यजमानांचं नाव मुलांसकट सगळ्यांनी पाठ करा. टपरीवर कुणी विचारलं की "खालच्या वाडीत अमक्या काकांकडं उतरलोय" एवढंच सांगायचं. निम्मे प्रश्न तिथंच मिटतात.

चपला खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात काढायच्या, आधी पडवीत टेकायचं, आत बोलावल्याशिवाय माजघरात जायचं नाही. चहा झाला की यजमानांनाच म्हणायचं, "आम्हाला जरा गावात फिरवून आणा." वाण्याचं दुकान, शाळा, देऊळ अशी अर्ध्या तासाची फेरी पुरते. त्यांच्या बरोबरीनं एकदा चालून आलात की गावाच्या लेखी तुम्ही त्यांचे. दूध, बिस्किटं, मेणबत्त्या त्याच दुकानातून घ्या, रोज थोडं थोडं.

ग्रामदेवतेच्या देवळात जाताना धर्म कुठलाही असो, आधी विचारा. सभामंडपात बसायला सहसा कुणी नाही म्हणत नाही. गाभारा आणि फोटो या दोन बाबतीत मात्र आपण होऊन पुढं जायचं नाही. देवराईतून फांदी, फूल, दगड काहीही उचलायचं नाही, हे मुलांना घरूनच सांगून न्या.

जेवण

इथं आमचं सगळ्यात लवकर जमलं. मणिपुरी माणूस भात-मासळीवर वाढलेला असतो, कोकणी माणूसही तसाच. मालवणात पहिल्या दुपारी काकूंनी तिरफळं घातलेली बांगड्याची आमटी वाढली. नवऱ्यानं चुकून अख्खं तिरफळ चावलं. जीभ बधिर झाली तसा तो थांबला, पुन्हा वास घेतला आणि म्हणाला, "हे आमच्याकडं आहे. मुकथ्रुबी." त्याच कुळातलं फळ मणिपूरच्या जेवणात असतं. काकू चुलीजवळून उठून आल्या. "मग तुम्ही ते मासळीत कधी घालता? आधी की उकळी आल्यावर?" पुढचा तासभर मला दुभाष्याचं काम करावं लागलं. नवऱ्याचं मराठी बरं आहे, पण मासळीच्या बारकाव्यांना ते पुरेना.

आपलं खाणं लपवू नका, पण यजमानांच्या स्वयंपाकघरात न विचारता काही शिजवूही नका. नवऱ्याची आंबवलेली मासळी, ङारी, आम्ही घट्ट बरणीतून नेतो आणि आधी काकूंना हुंगायला देतो. ज्या घरात सोडे आणि सुकट अशी सुकी मासळी वर्षभर असते, तिथं त्या वासाचं नवल वाटत नाही. सोमवारी, गुरुवारी, संकष्टीला बऱ्याच घरांत मासे शिजत नाहीत. श्रावणात तर विचारूच नका. हलाल खाणाऱ्यांनी कोंबडीचं फोनवरच विचारून घ्यावं. किनाऱ्यावर दाभोळ, हर्णै, राजपुरी अशी कोकणी मुसलमानांची मोठी वस्ती असलेली गावं आहेत, तिथं हा प्रश्नच येत नाही.

हाताला काम द्या

नुसते खुर्चीत बसलेले पाहुणे परकेच राहतात. सिंधुदुर्गात रापण लागलेली दिसली तर जवळ जा आणि "आम्ही ओढू का?" असं विचारा. मोठं जाळं होडीतून समुद्रात अर्धगोल टाकतात आणि त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढतात. एका सकाळी नवरा आणि थोरली दोराला लागले. मागं मागं पावलं टाकत जायचं, शेवटाला पोचलं की दोर सोडून पुन्हा पाण्याजवळ येऊन पुढून धरायचा. ओल्या दोरानं तळहात लाल झाले. शेजारचे आजोबा एक शब्द न बोलता मुलीचे हात धरून दोर बगलेत कसा घ्यायचा ते दाखवून गेले. जाळं वर आल्यावर ओढणाऱ्यांना वाटा मिळतो. मुलीच्या ओंजळीतही तारल्या पडल्या, इतरांना पडल्या तेवढ्याच.

मुलांची तयारी

घरीच बोलून ठेवा. "तिथं लोक बघतील. बघणं वेगळं, चिडवणं वेगळं." कुणी "कुठली गं तू?" विचारलं तर आमच्या मुलीचं उत्तर ठरलेलं आहे: "मी पुण्याची, बाबा मणिपूरचे. तू कुणाची?" या उलट प्रश्नानं बहुतेक वेळा खेळ सुरू होतो. "चिनी", "चिंकी" असं कुणी म्हणालं तर तिनं एकदा स्पष्ट सांगायचं, "असं म्हणायचं नाही." दुसऱ्यांदा झालं तर आमच्याकडं यायचं. मग मी त्या मुलाला ओरडत नाही. संध्याकाळी यजमानांना घेऊन त्याच्या घरी जाते आणि त्याच्या आजीशी बोलते. आजीपर्यंत गोष्ट गेली की पुन्हा घडत नाही, असा माझा अनुभव.

न विचारता कुणी मुलांचे फोटो काढत असेल तर पहिल्याच फोटोला "नको" म्हणा. संकोचानं एक काढू दिला की रांग लागते.

मुलांना या किनाऱ्याची गोष्टही दाखवा. रत्नागिरीत ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा राजवाडा आहे. इंग्रजांनी १८८५ साली त्याचं राज्य घेतलं आणि त्याला इथं आणून ठेवलं. वाडा १९१० साली बांधून झाला, १९१६ साली राजा इथंच वारला. त्याची नात मराठी बोलत रत्नागिरीतच जगली. नवरा मात्र त्या वाड्यात बराच वेळ गप्प होता. १८१९ ते १८२६ ही सात वर्षं ब्रह्मी फौजांनी मणिपूर उजाड केलं होतं, ते त्याच्या घरात अजून सांगतात. मुलांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. अलिबागजवळ नवगावला बेने इस्राएल ज्यूंचं स्मारक आहे. त्यांचे पूर्वज इथंच गलबत फुटून किनाऱ्याला लागले, असं त्यांची परंपरा सांगते. ते तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. त्यांची आडनावं बघा: पेणकर, रोहेकर, किहिमकर, नवगावकर. गावानं आपलं म्हटल्याची खूण थेट नावात. मुरूडला जंजिऱ्यावर आफ्रिकी वंशाच्या सिद्दींनी राज्य केलं, तर कोर्लईत आजही पोर्तुगीजातून निपजलेली बोली घराघरांत बोलतात. मुलीनं कोर्लईच्या किल्ल्यावरून उतरताना विचारलं, "म्हणजे इथं सगळेच कुठून तरी आलेत?"

बिघडलंच तर

आधी यजमान, मग वाडीतलं जाणतं माणूस, मग पोलीस पाटील, हा क्रम ठेवा. गावातला वाद गावातल्या माणसाच्या तोंडून सुटतो. पण धमकी, अंगाला हात, पाठलाग असं काही असेल तर क्रम विसरा, ११२ लावा आणि माणसं असतील तिथं जा. दारू प्यायलेल्या टोळक्याला उत्तर देऊ नका, गाडीचा नंबर टिपा आणि निघा. मुलांसमोर घडलेलं मुलांशी त्याच रात्री बोला, सकाळवर ढकलू नका.

निघताना

पैसे रोख ठेवा, काही वाड्यांत मोबाईलला रेंज नसते. जे फोटो काढलेत त्यांतले दोन-चार छापून पोस्टानं पाठवा, घरी सगळे ते हातात घेऊन बघतात. मालवणच्या काकूंनी आम्हाला वर्तमानपत्रात तिरफळं बांधून दिली होती, ती आम्ही इंफाळला सासूबाईंना पाठवली. सासूबाईंनी त्यातली दोन चावून बघितली, आपली मुकथ्रुबी पिशवीत भरली आणि नवऱ्याला फोनवर सांगितलं, त्या बाईंना दे. पिशवी आता फ्रीजवर ठेवलीय, नोव्हेंबरात न्यायची आहे.