सोसायटीतला हॅलोविन: काय घ्यावं, काय सोडावं आणि भोपळा कसा कोरावा

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी मुलं तोंडं रंगवून दारोदार फिरतात, यात आता नवल राहिलेलं नाही. या परक्या सणाचं आपल्याकडे काय काम, असं दरवर्षी कुणीतरी विचारतंच, आणि ते विचारायलाच हवं. मुलं शेजाऱ्यांच्या दारात जाऊन दोन शब्द बोलणार असतील तर हॅलोविन जरूर करावा. नुसती प्लास्टिकची कवटी टांगून फोटो काढायचे असतील तर करू नये.

हा सण पहिल्यापासूनच जागा बदलत आलेला आहे. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती परंपरेतला सर्व संतांचा दिवस आणि त्याची आदली रात्र म्हणजे हॅलोविन. त्याच्याही मागे हिवाळ्याच्या तोंडावरचा साउइन हा जुना केल्टिक सण आहे. आयर्लंडमध्ये सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे. १९व्या शतकात तिथले लोक अमेरिकेत गेले, तिथे त्यांना मोठा, पोकळ भोपळा मिळाला आणि सलगम मागे पडलं. स्कॉटलंडमधली मुलंही सोंग घेऊन दारोदार जातात, पण तिथे खाऊ फुकट मिळत नाही. आधी गाणं, कविता किंवा विनोद सादर करावा लागतो. अमेरिकेतल्या ‘खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू’ या धमकीपेक्षा ही रीत आपल्याला जवळची आहे. भोंडल्यातही खिरापत ओळखावी लागतेच. म्हणून खालची सगळी आखणी स्कॉटिश रीतीवर केली आहे.

आधी पंचांग, मग समिती

दिवाळी तिथीने सरकते, ३१ ऑक्टोबर जागचा हलत नाही. २०२४ मध्ये त्याच पहाटे नरक चतुर्दशीचं अभ्यंगस्नान होतं. अशा वर्षी हॅलोविन सरळ सोडून द्यावा. दोन्हींची भेसळ केली की दोन्ही अर्धवट होतात. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे आणि ३१ ऑक्टोबर शनिवारी येतो, म्हणजे मोकळीक आहे. फक्त त्या आठवड्यात घरोघरी फराळाची गडबड असते, तेव्हा या कामाचा भार स्वयंपाकघरात आधीच अडकलेल्यांवर टाकू नका.

दहा दिवस आधी समितीला लेखी कळवा आणि इच्छुक घरांची यादी करा. सहभागी घराने दाराला नारिंगी कागदाचा भोपळा चिकटवायचा. तो नसेल त्या दाराची बेल वाजवायची नाही. हा एक नियम पाळला की निम्मी भांडणं होतच नाहीत. कुणाकडे सुतक असतं, कुणाकडे आजारी माणूस किंवा तान्हं बाळ असतं, कुणाला हे पटतच नाही. त्यांना कारण सांगायला लागू नये. वसईतल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांत, तसंच गोव्यात, २ नोव्हेंबरला कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या ठेवून आप्तांचं स्मरण करतात. म्हणून सजावटीत खोट्या कबरी आणि क्रूस नकोत.

वेळ सहा ते आठ. सहा-सात मुलांचा एक गट आणि त्यामागे दोन मोठी माणसं. लिफ्टने सगळ्यात वरच्या मजल्यावर जायचं आणि जिन्याने उतरत यायचं, म्हणजे लिफ्ट अडत नाही आणि लहानगी दमत नाहीत. जिन्यातले बंद पडलेले दिवे आधी बदलून घ्या. वॉचमनकाकांना पूर्वकल्पना द्या.

खाऊचा हिशोब

३० मुलं आणि १२ घरं धरू. दर घराने एका मुलाला एकच नग द्यायचा, म्हणजे घरटी ३० आणि पाहुण्या मुलांसाठी ५, असे ३५ नग पुरतात. मुलाच्या पिशवीत १२ वस्तू जमतात, तेवढ्या पुष्कळ झाल्या. हिशोब न करता सुरुवात केली की पहिली तीन घरं मूठ-मूठ देतात आणि शेवटच्या घरांकडे काही उरत नाही. सहा घरांनी खाऊ आणि सहा घरांनी पेन्सिल, खोडरबर, स्टिकर असं वाटून घ्या. शेंगदाण्याची चिक्की टाळा: दाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला ती धोक्याची, आणि चार वर्षांखालच्यांच्या घशात दाणा किंवा कडक गोळी अडकू शकते. राजगिऱ्याची वडी चालते.

दारात मुलाने काहीतरी सादर करायचं: श्लोक, कोडं, नकला, काहीही. लाजणाऱ्या मुलासाठी घरातल्यांनी खाऊ झाकून ठेवावा आणि ‘ओळख बरं काय असेल?’ एवढंच विचारावं. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना यादीत आवर्जून घ्या आणि त्यांचा खाऊ आदल्या दिवशी पोचवा. या सगळ्या खटाटोपातला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे.

अमेरिकेत नव्याने गेलेल्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. तिथे दाराबाहेरचा दिवा चालू म्हणजे ‘या’, बंद म्हणजे ‘येऊ नका’. खाऊ मात्र कारखान्यातल्या बंद वेष्टनातलाच द्या. घरचा लाडू कितीही चांगला असला तरी अनोळखी घरातला म्हणून आईवडील तो टाकून देतात.

सोंग आणि सजावट

जुनं सुती धोतर किंवा चादर उत्तम. घेर घोट्याच्या वर ठेवा, नाहीतर जिन्यात पाय अडकतो. मुखवट्याने बाजूचं दिसत नाही, त्यापेक्षा चेहरा रंगवलेला बरा. त्यासाठी पाण्यात विरघळणारे, चेहऱ्यासाठीच बनवलेले रंग घ्या आणि आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून बघा. होळीचे रंग आणि पोस्टर कलर चेहऱ्याला लावायचे नाहीत. भाजल्याचे व्रण, कोड, कुबड ही ‘भुताची’ चिन्हं म्हणून वापरू नका. तसं शरीर घेऊन जगणारी माणसं त्याच जिन्यावर भेटतात.

लिंबू-टाचण्या, काळी बाहुली, हळद-कुंकू हेही सजावटीत नको. सकाळी झाडायला येणाऱ्या मावशींना किंवा वरच्या मजल्यावरच्या आजींना ती करणी वाटली तर भीती खरी असते. विकतचं पॉलिएस्टरचं कोळ्याचं जाळं झाडांवर आणि गॅलरीत लावू नका, त्यात पक्षी अडकतात. जाळं हवंच असेल तर घराच्या आत पांढऱ्या सुती दोऱ्याचं करा.

भोपळा

इथे मात्र घाई नको. अमेरिकेतला कोरायचा भोपळा पातळ भिंतीचा आणि आतून बराच पोकळ असतो. आपला तांबडा भोपळा खायचा, म्हणून गर जाड आणि साल चिवट. परदेशी व्हिडिओ बघून सुरी खुपसली की ती घसरते आणि बोट कापतं.

भाजीवाल्याकडे बहुतेक वेळा कापलेली फोड मिळते, म्हणून चार दिवस आधी आख्खा भोपळा सांगून ठेवा. ३ ते ४ किलोचा, शक्यतो उभट, तळ सपाट, देठ वाळलेला, नख रुतणार नाही असा. टकटक केल्यावर पोकळ आवाज येणारा निवडा. पोकळी मोठी म्हणजे कोरणं कमी.

देठाभोवती सुरी आतल्या बाजूला तिरकी धरून झाकण कापा. सरळ कापलं तर झाकण आत पडतं. बिया आणि धागे काढून चेहऱ्याच्या बाजूचा गर मोठ्या चमच्याने खरवडत भिंत अडीच सेंटिमीटरवर आणा. टूथपिक खुपसून जाडी मोजा. भिंत जाड राहिली की उजेड आतच अडकतो आणि डोळे बोगद्यासारखे दिसतात. खरवडलेला गर लगेच फ्रिजमध्ये ठेवा.

चेहरा कागदावर काढा, कागद चिकटपट्टीने भोपळ्यावर लावा आणि दाभणाने अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरवर टोचे मारा. डोळा किमान ३ सेंटिमीटर हवा आणि दोन भोकांमध्ये २ सेंटिमीटर अंतर, नाहीतर मधली पट्टी तुटते. कापायला बारीक दातेरी सुरी किंवा हॅकसॉचं पातं घ्या. पात्याच्या एका टोकाला कापडी पट्टी जाड गुंडाळली की मूठ होते. पातं दाबायचं नाही, करवतीसारखं पुढेमागे न्यायचं. आधी डोळे, मग नाक, तोंड शेवटी, कारण मोठं भोक पडलं की भिंत कमजोर होते. कापलेले तुकडे आतून बाहेर ढकला. चेहरा आखणं आणि बिया काढणं मुलांचं काम, कापणं मोठ्यांचं. चेहरा राक्षसाचाच हवा असं नाही. लेकीकडे जाणाऱ्या गोष्टीतल्या म्हातारीचा कोरला तर मुलं लगेच ओळखतात.

आत बॅटरीची मेणबत्ती ठेवा. जिन्यात मुलांचे सिंथेटिक कपडे असताना खरी ज्योत नको. ते कापड पेटलं की वितळून कातडीला चिकटतं. बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होणारं घ्या, कारण बटण सेल गिळला गेला तर अन्ननलिका जळते.

ऑक्टोबरच्या उकाड्यात कोरलेल्या भोपळ्यावर दोन-तीन दिवसांत बुरशी येते. म्हणून ३० तारखेच्या रात्री कोरा, कापलेल्या कडांना खोबरेल तेलाचा हात लावा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. १ तारखेला सकाळी बॅटरी काढून तो ओल्या कचऱ्यात किंवा खतात जाऊ द्या.

फ्रिजमधल्या गराचे घारगे करा. २ वाट्या किसलेल्या गराला १ वाटी चिरलेला गूळ घालून पाणी आटेपर्यंत शिजवा. पूर्ण गार झाल्यावर मीठ, वेलची, २ चमचे गरम तेलाचं मोहन, २ चमचे तांदळाचं पीठ आणि मावेल तेवढी कणीक (सव्वादोन-अडीच वाट्या) घालून घट्ट मळा. पाणी अजिबात नको. पाणी नीट आटलं नसेल तर कणीक जास्त लागते आणि घारगे चिवट होतात. पीठ अर्धा तासच ठेवा, जास्त वेळ राहिलं की गुळामुळे सैल पडतं. जाडसर थापून वर खसखस दाबा आणि मध्यम आचेवर तळा. तीन-चार दिवस सहज टिकतात.