जुना कॅमेरा घेताय? शटर काउंटचा बाऊ करू नका, या चुका टाळा

तुळशीचं लग्न लागलं की माझ्या फोनवर दोन प्रकारची माणसं सुरू होतात. एक लग्नाच्या तारखा विचारणारी आणि दुसरी जुना कॅमेरा घ्यायला निघालेली. दुसऱ्यांचा प्रश्न ठरलेला. "भाऊ, 48 हजार चालला हाय, घेऊ का?" कोणता कॅमेरा, कोणाचा, त्याने त्यावर काय काम केलं, याचा पत्ता नाही. नुसता आकडा. नेरला स्टुडिओ टाकून मला 17 वर्षं झाली, आणि आता हा प्रश्न ऐकला की मी आधी पाणी पितो.

आकडा कशाचा ते आधी सांगतो. कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारा सेन्सर असतो, त्याच्यासमोर पातळ पडदे असतात, प्रत्येक फोटोला ते उघडतात आणि मिटतात. तेच शटर. किती वेळा चाललं तो झाला शटर काउंट. कंपन्या शटरची चाचणी किती वेळांपर्यंत घेतली ते सांगतात: निकॉन डी7200 साठी 1,50,000, डी850 साठी 2,00,000, कॅनन 6डी साठी 1,00,000, कॅननच्या मोठ्या 1डी एक्ससाठी 4,00,000. ही गॅरंटी नाही आणि औषधाच्या बाटलीवरची एक्सपायरीही नाही. कोणाचं शटर 40 हजारांत बसतं, कोणाचं दुप्पट चालतं. मी एका लग्नात दोनेक हजार फोटो काढतो. सीझनला 30 लग्नं धरली तर 60 हजार झाले. म्हणजे लाखाचा आकडा माझ्यासाठी पावणेदोन सीझन, आणि दिवाळीला व मुलाच्या वाढदिवसाला कॅमेरा काढणाऱ्या माणसासाठी जन्माची पुंजी.

आपल्याकडे जुना ट्रॅक्टर घेणारा माणूस मीटरवरचे तास बघतो, पण तेवढ्यावर थांबत नाही. रोटाव्हेटर मारला की नुसती ट्रॉली ओढली, ते विचारतो. बांधावरच्या माणसाला जे कळतं ते कॅमेरा घेताना त्याच्याच पोराला कळत नाही.

आकडा कमी म्हणजे कॅमेरा कोरा, असं समजणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून जरा सविस्तर.

माझ्याकडे काम शिकायला एक मुलगा येत होता. हात चांगला, पण धीर नाही. तीन महिने लाइट धरला आणि लगेच स्वतःचा कॅमेरा पाहिजे. त्याच्यासमोर दोन कॅमेरे होते. एक टिपेश्वरच्या जंगलात पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या निवृत्त मास्तरांचा, 96 हजार चाललेला. दुसरा अमरावतीकडच्या एका माणसाचा, फक्त 9 हजार चाललेला, आणि तीन हजार रुपयांनी महाग. मी एका हळदीत अडकलेलो. त्याचा फोन आला.

"भाऊ, नऊ हजारच चालला हाय. समजा नवाच."

"वापरत कोण होतं?"

"लग्नाचे व्हिडिओ काढत होते ते."

"मग घेऊ नको. मी उद्या येतो, मग पाहू."

"उद्यापर्यंत कोनी दुसरा नेईन ना भाऊ."

संध्याकाळी कॅमेरा त्याच्या गळ्यात होता.

आता गंमत बघा. डीएसएलआरवर, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर, व्हिडिओ काढताना आरसा वर जातो, शटर एकदा उघडतं आणि रेकॉर्डिंग संपेपर्यंत उघडंच राहतं. चार तासांचं लग्न शूट केलं तरी काउंटर दहा-वीसने सरकतो. पण सेन्सर आणि प्रोसेसर त्या चारही तासांत तापतच असतात. हा कॅमेरा शेकडो तास असा तापला होता, आणि आकडा सांगत होता नऊ हजार.

मे महिन्यात दारव्ह्याकडे पत्र्याच्या सभागृहात लग्न होतं. बाहेर पारा 45 च्या वर, आत 500 माणसं आणि व्हिडिओ लाइट. वीस मिनिटांत स्क्रीनवर तापमानाची खूण आली, पाच मिनिटांनी कॅमेरा बंद. ओल्या रुमालाने पुसून परत सुरू केला. (हे करू नका, पाणी आत जातं. पण त्या वेळी त्याला काय सांगणार!) रात्री वरातीचे फोटो पाहिले तर अंधारात लाल-निळे ठिपके, जणू कोणी कुंकू शिंपडलंय. माइकचं भोक इतकं ढिलं की वायर हलली की आवाज गायब. सगळ्यात वाईट म्हणजे फिरणारी स्क्रीन: सरळ धरली की दिसायची, बाहेर वळवली की काळी. बिजागरीतून जी पातळ रिबन केबल जाते ती हजार वेळा वळवून तुटायला आलेली. यातल्या एकाही गोष्टीचा शटर काउंटशी संबंध नाही.

मास्तरांचा कॅमेरा मी घेतला. पक्षी टिपणारा माणूस एका दाबात दहा फोटो काढतो, म्हणून आकडा फुगतो. पण हा माणूस कॅमेरा मुलीसारखा सांभाळणारा होता. पिशवीत सिलिका जेल, लेन्सला दोन्ही झाकणं, बिल आणि खोकं जागेवर. तो कॅमेरा माझ्याकडे 1,58,000 पर्यंत चालला. मग एका लग्नात, मंगलाष्टकं सुरू असताना, शटर अडकलं. स्क्रीनवर एरर, बटण परत दाबलं तरी एरर. मी तो खांद्यामागे टाकला, दुसरा कॅमेरा घेतला आणि अक्षता पडायच्या आत परत उभा होतो. पुढच्या आठवड्यात नागपूरला नेऊन शटर बदलून आणलं, साडेसात हजार लागले. अजून चालतो आहे.

म्हणून माझी सवय सांगतो. आकडा जास्त असेल तर त्या मॉडेलचं शटर बदलायला किती लागतात ते मेकॅनिकला फोन करून विचारतो आणि तेवढे पैसे भावातून कापून मागतो. विकणारा नाही म्हणाला तर चहा पिऊन निघतो. आणि एकच कॅमेरा घेऊन लग्नाची ऑर्डर घेणाऱ्याने शटर काउंटवर बोलूच नये. त्याची अडचण वेगळीच आहे.

काउंट चुकीच्या जागी शोधणं

फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून "काउंट सांगा" म्हणणारे मला आठवड्याला दोन तरी भेटतात. व्हॉट्सॲप फोटो लहान करतं आणि त्याच्या पोटातली माहिती पुसून टाकतं. मी काय ज्योतिषी आहे? कार्डावरची मूळ फाइल पाहिजे, एडिट न केलेली. व्हॉट्सॲपच लागत असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

फाइलच्या नावातला नंबर म्हणजे काउंट नव्हे. तो 9999 ला संपून परत 0001 वर येतो, आणि मेनूमधून रिसेटही करता येतो. निकॉन आपला काउंट फोटोच्या आतल्या माहितीत लिहून ठेवतो, एक्झिफटूलसारख्या प्रोग्रामने वाचता येतो. कॅननच्या बहुतेक मॉडेलमध्ये तो फोटोत सापडत नाही, कॅमेरा केबलने कॉम्प्युटरला जोडून वेगळ्या सॉफ्टवेअरने काढावा लागतो. विकणारा स्क्रीनशॉट दाखवत असेल तर माना डोलवा आणि स्वतः काढून बघा.

मिररलेसवाल्यांना, म्हणजे बिनआरशाचा कॅमेरा घेणाऱ्यांना, सायलेंट मोडमध्ये (इलेक्ट्रॉनिक शटरवर) काढलेल्या फोटोंना शटरचे पडदे हलतच नाहीत हे माहीत नसतं. निकॉन झेड9 आणि झेड8 मध्ये तर यांत्रिक शटरच ठेवलेलं नाही. तिथे काउंट विचारणं म्हणजे बॅटरीच्या स्कूटरला इंजिन ऑइल कधी बदललं विचारणं.

शटर गेलं, म्हणून ओरडणं

दहापैकी सात वेळा शटर ठणठणीत असतं.

एकदा पुसदहून एक जण आला. जुना कॅमेरा घेऊन चारच दिवस झालेले, विकणाऱ्याशी भांडण करून आलेला. फोटोंवर आडवे काळसर पट्टे. मी विचारलं, कुठे काढले? हॉलमध्ये. लाइट? एलईडी. शटर स्पीड? 1/500, म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, साधे एलईडी सेकंदाला 100 वेळा उजळतात-मंदावतात. शटर वेगात असलं की ती मंदावलेली वेळ पट्टा होऊन फोटोत येते. त्याला 1/100 वर फोटो काढायला लावला, पट्टे गेले. भांडण मात्र झालं ते झालं.

दुसरा प्रकार फ्लॅशचा. फ्लॅश पेटवणारा साधा ट्रिगर लावून 1/500 ला फ्लॅश मारला की फोटोचा एक भाग काळा येणारच. कारण त्या वेगात दोन्ही पडदे एकाच वेळी पूर्ण उघडे नसतात. तुमच्या कॅमेऱ्याचा सिंक स्पीड, म्हणजे फ्लॅशला चालणारा सगळ्यात वेगवान शटर स्पीड, बघा: कॅनन 6डी चा 1/180, 200डी चा 1/200, 80डी चा 1/250. त्याहून वेगात जाऊ नका.

कॅननवर एरर 01 आला तर लेन्सचे सोनेरी टोक कोरड्या स्वच्छ कापडाने पुसून बघा. एरर 30 आला तर मात्र शटरच.

टायरच्या दुकानातली हवा

हे लिहिताना अजूनही अंगावर काटा येतो.

सोयाबीन निघायचे दिवस होते, मळणीयंत्राचा धुराळा सगळीकडे. बसस्टँडजवळ माझ्या ओळखीचं पंक्चरचं दुकान आहे. तिथे एक पोरगा कॅमेऱ्याची लेन्स काढून, तोंड उघडं धरून उभा, आणि पंक्चरवाला हातात हवेची पाइप घेऊन. मी रस्त्याच्या पलीकडून ओरडलो. उशीर झाला होता. फुस्स.

"काकाजी, धूळ गेली पाहा," तो पोरगा मला आत दाखवून राहिला होता. धूळ गेली होती. आरसा वर केला तर शटरचं एक पातं वाकून बाहेर आलेलं, केळीचं पान दुमडावं तसं. त्यावर तेलकट पाण्याचे थेंब. कंप्रेसरच्या टाकीत पाणी साचतं, पंपाचं तेल मिसळतं आणि ते सगळं हवेबरोबर येतं. टायरला चालतं. शटरची पाती कागदासारखी असतात. त्या कॅमेऱ्याचा काउंट 14 हजार होता. घेताना त्याने तो तीन वेळा तपासला होता म्हणे.

धूळ काढायची माझी पद्धत म्हातारी आहे. रबरी ब्लोअर, कॅमेऱ्याचं तोंड खाली, चार फुंका. डीएसएलआरमध्ये मेनूतून आरसा वर करायचा असेल तर बॅटरी पूर्ण चार्ज असूद्या. मध्येच बॅटरी संपली की पडदा धाडकन मिटतो आणि आत जे काही असेल ते त्यात अडकतं. तोंडाने फुंकू नका, तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्यांनी तर अजिबात नाही. मिररलेसमध्ये बहुतेक मॉडेलांचा सेन्सर लेन्स काढताच उघडा पडतो. लग्नाच्या मंडपात अक्षता उडत असताना लेन्स बदलू नका, गाडीत जाऊन बदला.

बघायला गेल्यावर

घाई करणारा माणूस कॅमेरा हातात घेऊन तड-तड-तड पन्नास फोटो मारतो आणि "आवाज चांगला हाय" म्हणतो. आवाजाने काय कळतं?

मी विकणाऱ्याला अंगणात बोलावतो. उन्हातली पांढरी भिंत, सगळ्यात वेगवान शटर, म्हणजे 1/4000 किंवा 1/8000, आणि एक-एक करून 30 फोटो. घरात करत नाही, एलईडीचे पट्टे फसवतात. लॅपटॉपवर एकामागून एक बघायचे. एखाद्या फोटोत एक बाजू गडद, किंवा मध्येच एखादा फोटो बाकीच्यांपेक्षा काळा आला तर पडदे एका तालात नाहीत. मग आकाशाकडे एफ16 वर, म्हणजे लेन्सचं भोक बारीक करून, एक फोटो, सेन्सरवरचे डाग दिसतात. मग व्हिडिओ सुरू करून टेबलावर ठेवायचा आणि चहा मागवायचा. चहा येऊन, पिऊन, गावच्या गोष्टी होईपर्यंत व्हिडिओ चालू. तापायचा असेल तर तेवढ्यात तापतो.

डायलच्या फटीत पिवळी पावडर दिसली तर ती हळद. लग्नातला कॅमेरा आहे, विकणारा काहीही म्हणो.

लेन्समध्ये टॉर्च मारून बघा. पावसाळ्यात कपाटात बंद राहिलेल्या लेन्सला आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी लागते.

ओल काढायला कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवू नका. तांदळाला पीठ असतं.

निकॉन डी600 मिळत असेल तर शटर बदललेलं आहे का ते आधी विचारा. सेन्सरवर डाग येण्याच्या तक्रारी होत्या आणि कंपनीने 2014 मध्ये शटर फुकट बदलून दिलं होतं. डी750 च्या काही कॅमेऱ्यांतही फोटोचा भाग गडद येत होता, त्यांचंही शटर 2015 पासून फुकट बदललं. तसा बदलून घेतलेला कॅमेरा असेल तर उलट तोच घ्या.

बिल नसेल तर निदान खोक्यावरचा सिरियल नंबर कॅमेऱ्याच्या बुडाशी जुळवा. जुळत नसेल, आणि विकणारा घाई करत असेल, तर भाव कितीही चांगला असो, मी गाडीला किक मारतो.