ओर्विएतोचा एक दिवस कसा आखावा

सोलापूरहून इटलीला जाणारी बहुतेक मंडळी रोम, पिसा आणि व्हेनिस पाहून परत येतात आणि टेकडीवरची जुनी गावे राहून जातात. ज्यांच्याकडे रोममध्ये एक दिवस मोकळा असेल त्यांनी तो ओर्विएतोला द्यावा, असा माझा मनापासून आग्रह आहे. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या टफ नावाच्या मऊ, पिवळसर दगडाच्या उभ्या कड्यावर हे गाव वसलेले असून त्यातले महत्त्वाचे सारे काही पायी फिरून पाहता येते. मात्र कोणती गोष्ट कोणत्या वेळी पाहायची, हे आधी ठरवावे लागते.

तयारीविषयी थोडक्यात सांगतो. इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान 30,000 युरोचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो. सोबत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी अवश्य घ्यावी, कारण ती आठवडाभर टिकते. पेढे, खवा, तूप मात्र घरीच ठेवावे, कारण दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात नेण्यास बंदी आहे. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, त्यासाठी एक ओढणी पिशवीत असली म्हणजे पुरते. रस्ते दगडी फरसबंदीचे व चढउताराचे आहेत, तेव्हा चपलांऐवजी बूटच घालावेत.

रोमच्या तेर्मिनी स्थानकावरून ओर्विएतोला साधारण सव्वा तासात पोचणाऱ्या प्रादेशिक गाड्या आहेत. कागदी तिकीट घेतले असल्यास गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यावा, नाहीतर दंड भरावा लागतो. स्थानकासमोरच फ्युनिक्युलर, म्हणजे जाड तारेने ओढली जाणारी चढावरची छोटी रेल्वे आहे. ती काही मिनिटांत कड्यावर नेऊन सोडते.

वर उतरल्यावर सगळे जण कॅथेड्रलकडे, म्हणजे गावातल्या मुख्य चर्चकडे जाणारी बस पकडतात. आपण आधी शेजारची सेंट पॅट्रिकची विहीर पाहावी. 1527 साली रोमची लूट झाली, तेव्हा पोप सातवे क्लेमेंट यांनी या गावात आश्रय घेतला होता. वेढा पडला तर पाणी कमी पडू नये म्हणून त्यांनी आंतोनिओ दा सांगाल्लो या वास्तुकाराकडून ही सुमारे 53 मीटर खोल विहीर खोदवून घेतली. तिच्या भिंतीत एकमेकांना कधीही न छेदणारे दोन गोल जिने आहेत: एकाने खेचरे खाली उतरत आणि दुसऱ्याने पाणी लादून वर येत. पायऱ्या 248 आणि उजेडासाठी आतल्या बाजूस सत्तरएक खिडक्या आहेत. पायऱ्या रुंद आणि बुटक्या आहेत, कारण त्या खेचरांच्या पावलांसाठी बांधल्या होत्या. ज्या शहरात नळाला पाणी येण्याचा दिवस घराघरात ठाऊक असतो, तिथल्या माणसाला ही विहीर अर्ध्या पायऱ्या उतरण्याआधीच कळते.

त्यानंतर कॅथेड्रलच्या आत जावे आणि तेही दुपार होण्यापूर्वी. या वास्तूचा पाया 1290 मध्ये घातला गेला. काळा बसाल्ट आणि पांढरट ट्रॅव्हर्टाइन या दगडांचे आडवे थर एकावर एक रचून तिच्या भिंती आणि खांब उभे केलेले आहेत. त्यातला काळा दगड आपल्याला परका वाटत नाही, कारण आपल्या सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या परिसरातही पायाखाली लाव्हाचाच खडक आहे. बाजूच्या खिडक्यांच्या खालच्या भागात काचेऐवजी अलाबास्टर या अर्धपारदर्शक दगडाचे पातळ तक्ते बसवलेले आहेत, त्यांतून मधासारखा उजेड आत झिरपतो.

सर्वाधिक वेळ आतल्या उजवीकडच्या सान ब्रित्सिओ चॅपेलला, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहाला द्यावा, आणि छोटी दुर्बीण असेल तर ती इथेच कामी येते. छतावरच्या चित्रांचे काम फ्रा आंजेलिको यांनी 1447 मध्ये सुरू केले आणि अर्धवट सोडले. 1499 पासून पुढच्या पाचएक वर्षांत लुका सिन्योरेल्ली यांनी ते पूर्ण करून भिंतीही रंगवल्या. डाव्या भिंतीवर येशूसारखाच दिसणारा एक उपदेशक उभा आहे आणि सैतान मागून त्याच्या कानात कुजबुजत आहे, हा ख्रिस्तविरोधी, म्हणजे जगाच्या अखेरीस येणारा खोटा ख्रिस्त. त्याच चित्राच्या डाव्या कोपऱ्यात काळ्या वेषातले दोन पुरुष शांतपणे पाहत उभे आहेत, ते स्वतः सिन्योरेल्ली आणि फ्रा आंजेलिको असल्याचे मानतात. समोरच्या भिंतीवर मृत माणसे पांढऱ्या सपाट जमिनीतून हातांवर जोर देऊन वर येतात. कुणी कमरेपर्यंत बाहेर आलेला असतो, तर कुणी अजून सांगाडाच असतो. इथे घाई करू नये.

दुपारी बरीच दुकाने आणि छोटी चर्चे बंद असतात, म्हणून तेव्हा जेवून घ्यावे. शाकाहारी मंडळींनी उंब्रिकेल्ली हा हाताने वळलेला जाड पास्ता मागवावा. नंतर पालात्सो देल पोपोलो या जुन्या वाड्याचा बाहेरचा दगडी जिना, 47 मीटर उंच मोरो मनोरा, आणि सांत'आंद्रेआ चर्चचा बारा कोनी घंटामनोरा पाहत पश्चिम टोकाकडे चालत जावे. कॅथेड्रलशेजारचे पोपचे वाडे बाहेरून पाहिले तरी चालतील. एत्रुस्कन, म्हणजे रोमनांपूर्वी इथे राहणाऱ्या लोकांच्या वस्तूंची आवड असणाऱ्यांनी कॅथेड्रलसमोरच्या पालात्सो फाइनामधील संग्रहालय पाहावे. पश्चिम टोकाला कड्याच्या कडेवर सान जोव्हेनाले हे गावातले अतिशय जुने चर्च आहे. त्याच्या खांबांवरची फिकी झालेली भित्तिचित्रे मला कॅथेड्रलच्या भपक्याइतकीच जवळची वाटतात.

आता कॅथेड्रलसमोर परत यावे. त्याचे दर्शनी तोंड पश्चिमेकडे असल्यामुळे सकाळी ते सावलीत असते, आणि खरी शोभा मावळतीच्या उन्हात दिसते. मोझेइकचे, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेल्या चित्रांचे सोने तेव्हा पेटल्यासारखे होते. पण त्या मोझेइकचा बराचसा भाग शतकानुशतके दुरुस्त होत आणि बदलत आलेला आहे. खरा जुना ठेवा खाली, डोळ्यांच्या उंचीवर आहे. 1310 पासून या कामाचे प्रमुख असलेल्या लोरेन्झो माइतानी यांच्या काळातली शिल्पे चार रुंद खांबांवर कोरलेली आहेत, आणि ती डावीकडून उजवीकडे वाचायची असतात: जगाची उत्पत्ती, बायबलच्या जुन्या करारातील भविष्यवाण्या, येशूचे चरित्र आणि अखेरचा न्याय. पहिल्या खांबावर झोपलेल्या आदमच्या कुशीतून देव हव्वेला बाहेर काढतो तो प्रसंग शोधावा. आदमचा सैल पडलेला हात पाहताना तो दगड आहे हे विसरायला होते. खांबांच्या माथ्यावर देवदूत, सिंह, गरुड आणि बैल अशा चार शुभवर्तमानकारांच्या, म्हणजे येशूचे चरित्र लिहिणाऱ्या संतांच्या ब्राँझ खुणा आहेत. नंदी पाहत वाढलेल्या सोलापूरकराची नजर उजवीकडच्या बैलावर आपोआप थांबते. तो संत लूकचा.

ऊन शिखरांवरून निघून जाईपर्यंत समोरच्या दगडी बाकावर बसावे. शेवटच्या फ्युनिक्युलरची वेळ मात्र सकाळीच फलकावर पाहून लिहून ठेवलेली असावी.