गुप्तवार्ता विश्लेषकाच्या परीक्षेआधी: किनाऱ्यावरच्या उमेदवारांसाठी तयारीची यादी

फॉर्म भरायच्या आधी एक गोष्ट स्वतःशी ठरवून टाका. पाठलाग, वेषांतर, रात्री-अपरात्रीच्या भेटीगाठी यांचं आकर्षण असेल तर हे पद तुमच्यासाठी नाही. विश्लेषक टेबलाशी बसतो. दुसऱ्यांनी आणलेली माहिती वाचतो, एकमेकींशी ताडून बघतो आणि वरच्या अधिकाऱ्याला निर्णय घेता येईल असं एक पान लिहितो. आपल्याकडच्या अभ्यासिकांमध्ये मुलं-मुली सामान्यज्ञानाच्या ठोकळ्यांवर वर्ष घालवतात आणि ते एक पान एकदाही लिहून बघत नाहीत. म्हणून या यादीत त्या पानाला जास्त जागा दिली आहे.

परीक्षेचं आधी उरकून घेऊ. केंद्र सरकारची देशांतर्गत गुप्तवार्ता संस्था म्हणजे इंटेलिजन्स ब्युरो (आयबी). तिच्या सहायक केंद्रीय गुप्तवार्ता अधिकारी, श्रेणी दोन या भरतीत पहिला टप्पा शंभर वस्तुनिष्ठ प्रश्नांचा, वेळ एक तास, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. चालू घडामोडी, सामान्य अध्ययन, अंकगणित, तर्क आणि इंग्रजी असे पाच विषय. दुसरा टप्पा ५० गुणांचा, हाताने लिहायचा. तिसरी मुलाखत, १०० गुणांची. पदवी हवी, वय १८ ते २७, राखीव गटांना नियमाप्रमाणे सवलत. लेखी पेपरातली गुणांची वाटणी जाहिरातीगणिक थोडी हलते, त्यामुळे गेल्या वेळच्या कुणाच्या तरी नोट्सवर विसंबू नका, चालू जाहिरात छापून भिंतीला लावा.

निवडीनंतर चारित्र्य पडताळणी होते. लहानसहान गुन्हा दाखल झाला असेल, कॉलेजातल्या मारामारीत नाव आलं असेल, तर फॉर्मात लिहा. लपवलेली गोष्ट मूळ गोष्टीपेक्षा महाग पडते. आणि इन्स्टाग्रामच्या बायोमध्ये ‘फ्युचर आयबी ऑफिसर’ असं लिहिलं असेल तर ते आजच काढा. गुप्तवार्तेत जायचंय हे गावभर सांगत फिरणाऱ्याला कोण काय सांगणार?

ब्रिटनमध्ये विश्लेषकाचं काम रीतसर धंदेशिक्षण म्हणून शिकवलं जातं. तिथे इंटेलिजन्स अॅनालिस्टची चौथ्या स्तराची अॅप्रेंटिसशिप आहे: नोकरी करता करता शिकायचं आणि शेवटी, ज्यांनी शिकवलं नाही अशा परीक्षकांपुढे काम दाखवायचं. आपल्याकडे उलटा क्रम आहे. आधी भरती, मग प्रशिक्षण. राज्य गुप्तवार्ता विभागासाठी पुण्यात महाराष्ट्र गुप्तवार्ता प्रबोधिनी आहे. सरकारी नोकरी नाही मिळाली तरी कसब वाया जात नाही. बँकांना संशयास्पद व्यवहारांचा अहवाल फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट या केंद्र सरकारच्या संस्थेकडे पाठवावा लागतो आणि ती छाननी करणारा माणूसही विश्लेषकच असतो. सायबर सुरक्षेच्या आणि जहाज विम्याच्या कंपन्यांनाही अशी माणसं लागतात.

आता पहिलं कसब, माहितीला दर्जा देणं. जगभर चालणारी एक जुनी पद्धत आहे. स्रोताला ‘ए’ ते ‘एफ’ आणि माहितीला १ ते ६. ‘ए’ म्हणजे पूर्ण भरवशाचा माणूस, ‘ई’ म्हणजे बेभरवशाचा, ‘एफ’ म्हणजे ठरवता येत नाही. तसंच १ म्हणजे दुसऱ्या स्वतंत्र वाटेने खात्री झालेली माहिती, ५ म्हणजे संभव कमी, ६ म्हणजे ठरवता येत नाही. हे दोन दर्जे वेगवेगळे द्यायचे असतात आणि नवखा उमेदवार नेमका इथेच घसरतो. माणूस चांगला म्हणून माहितीही चांगली, असं धरून चालतो. ‘एफ ६’ दिसलं की कचऱ्यात टाकतो. त्याचा अर्थ ‘खोटं’ असा नसून ‘अजून माहीत नाही’ एवढाच आहे.

सरावासाठी हर्णै बंदरावर संध्याकाळच्या लिलावाला जा. प्रश्न साधा ठेवा: आज सुरमईचा दर का चढला? तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, सांगेल, माल कमी आला. तो वर्षानुवर्षं समुद्रात जाणारा, माणूस म्हणून ‘बी’ द्यायला हरकत नाही. पण आज त्याची होडी दुरुस्तीला वर ओढलेली आहे आणि तो जे सांगतोय ते शेजारच्या खलाश्याकडून ऐकलेलं आहे. दर्जा बदलला. व्यापारी म्हणेल, बाहेर मागणीच नाही, दर उगाच फुगवलाय. त्याला स्वस्तात घ्यायचंय, हे वहीत त्याच्या नावापुढे लिहा. मग तिघं जण एकसारखं सांगतील की कर्नाटकातल्या ट्रॉलरांनी मासळी साफ केली. तीन साक्षी मिळाल्या म्हणून खूश होऊ नका. तिघांनाही विचारा, तुला कुठून कळलं? तिघंही एकाच व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये निघाले तर ती एकच साक्ष आहे. स्वतः मोजलेल्या टोपल्या आणि कानावर पडलेली बोली ही तुमची स्वतःची नोंद. वहीची तीन उभी घरं करा: पाहिलं, ऐकलं, मला वाटलं. तिसऱ्या घरातलं वाक्य पहिल्या घरात जाऊ द्यायचं नाही. सुरुवातीला दर चार ओळींना एक तरी वाक्य चुकीच्या घरात पडतं.

दुसरं कसब पर्यायी शक्यता मांडण्याचं. अमेरिकेच्या सीआयएमध्ये काम केलेल्या रिचर्ड्स ह्यूअर यांनी त्यासाठी एक तक्ता सुचवला: वर आडव्या ओळीत सगळ्या शक्यता, डावीकडे एकाखाली एक पुरावे, आणि प्रत्येक घरात जुळतं की नाही याची खूण. याच्या सरावाला आपल्याच किनाऱ्यावरचं एक प्रकरण पुरेसं आहे. १८ ऑगस्ट २०२२ रोजी श्रीवर्धन तालुक्यात हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस बोट लागली. आत माणूस नाही. तीन एके-४७ रायफली आणि काडतुसं. दुसऱ्या दिवशी दहीहंडी, पुढे दोन आठवड्यांत गणपती. त्या दिवशीची वर्तमानपत्रं आणि वाहिन्यांच्या बातम्या जमवा आणि स्वतःला सकाळच्या खुर्चीत बसवा. संध्याकाळी काय कळलं ते झाकून ठेवा.

किमान चार शक्यता मांडा. शस्त्रं उतरवायला आलेली बोट. तस्करांची बोट, माणसं पळाली. लक्ष वेधून घेण्यासाठी सोडलेली बोट, खरं काम दुसरीकडे. आणि दूर कुठेतरी सोडून दिलेली, वाहत आलेली बोट, जिच्यावर पहाऱ्यासाठी हत्यारं होती. ही चौथी शक्यता आपल्याला लवकर सुचत नाही. पण सोमाली चाच्यांचा त्रास सुरू झाल्यापासून त्या बाजूच्या समुद्रात जहाजांवर खाजगी सशस्त्र पहारेकरी असतात, हे वाचलेल्याला सुचते. आता पुरावे घ्या. रायफली चारही शक्यतांशी जुळतात. म्हणजे ज्या पुराव्याने सगळा जिल्हा हादरला, तो शक्यता निवडायला जवळपास निरुपयोगी. संख्या तीनच, हे शस्त्रं उतरवण्याच्या कल्पनेला थोडं नडतं. बोट मौजेच्या सफरीची, नाव रंगवलेलं, मालकाचा शोध लागण्याजोगा: हे तस्करीला बरंच नडतं. ऑगस्टचा महिना, वारा नैर्ऋत्येचा, समुद्र खवळलेला, बोट मोडकळलेली: हे वाहत येण्याशी छान जुळतं. तक्त्यात शक्यता उचलून धरणारे पुरावे मोजायचे नसतात. नडणारे मोजायचे असतात.

त्याच दिवशी देवेंद्र फडणवीसांनी विधिमंडळात प्राथमिक माहिती दिली: बोट एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची, मस्कतहून युरोपकडे जात असताना जूनमध्ये इंजिन बंद पडलं, कोरियाच्या युद्धनौकेने माणसांना वाचवलं, बोट तशीच राहिली आणि भरकटत इकडे आली. दहशतवादी धागा तूर्त दिसत नाही, तपास चालू. आता तुमचं सकाळचं पान काढून बघा. चौथी शक्यता मांडलीच नसेल तर ती का सुचली नाही, हे खाली लिहा.

आणि ते लिहिताना आपल्या तालुक्याचा इतिहास आड येतो. १९९३च्या सुरुवातीला आरडीएक्स आणि हत्यारं याच श्रीवर्धन तालुक्यात, शेखाडीला उतरली. १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोट झाले, २५७ माणसं गेली. माल जाऊ देण्यात कस्टमचे आणि पोलिसांतले काही जण सामील होते, हे पुढे न्यायालयात सिद्ध झालं. २००८ साली मारेकरी पुन्हा समुद्रातूनच आले, ‘कुबेर’ नावाच्या मच्छीमार बोटीचा ताबा घेऊन. या किनाऱ्यावर वाढलेल्याच्या डोक्यात बोट आणि हत्यार एकत्र आलं की शेखाडी आपोआप येते. ती यावीच. पुण्या-नागपूरच्या उमेदवाराला जे पुस्तकातून शिकावं लागतं ते तुम्हाला घरात ऐकायला मिळालेलं आहे. उधाण (मोठी भरती) कुठलं, भांग (लहान भरती) कुठली, कुठल्या खाडीत रात्री होडी आत घेता येते, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असताना समुद्रात दिसणारी होडी का खटकायला हवी, हे सगळं तुमचं भांडवल आहे. फक्त ते पानावर ‘गृहीतक’ या मथळ्याखाली लिहा. ‘हे मी १९९३च्या घटनेवरून धरून चाललो आहे’ असं लिहिलेलं वाचणाऱ्याला तपासता येतं. डोक्यात राहिलेलं कुणालाच तपासता येत नाही, तुम्हालाही.

आकड्यांत बोलायची सवय लावा. १९५१ साली अमेरिकी विश्लेषकांनी युगोस्लाव्हियावर हल्ल्याची ‘गंभीर शक्यता’ असल्याचं लिहिलं. त्यांच्यातलेच एक, सीआयएचे शर्मन केंट, यांनी सहकाऱ्यांना विचारलं, गंभीर म्हणजे किती टक्के? उत्तरं वीसपासून ऐंशीपर्यंत आली, आणि अहवालावर सह्या सगळ्यांच्या होत्या. आज तिकडच्या मानकात ‘संभवतं’ म्हणजे ५५ ते ८० टक्के, ‘फार संभवतं’ म्हणजे ८० ते ९५ असं बांधून दिलेलं आहे. आपल्या बातम्यांतलं ‘शक्यता नाकारता येत नाही’ हे वाक्य तुमच्या पानावर येऊ देऊ नका. चंद्रावर मासळी बाजार भरण्याची शक्यताही कुणी नाकारलेली नाही. टक्केवारीसोबत भरवसाही वेगळा लिहा: अंदाज ७० टक्के, पण स्रोत एकच, म्हणून भरवसा कमी.

पानाची रचना एवढीच: निष्कर्ष पहिल्या दोन ओळींत, मग कारणं, मग काय माहीत नाही, आणि शेवटी कुठली नवी माहिती आली तर तुम्ही मत बदलाल. तोंडी सादरीकरणात बहुतेकांना या शेवटच्या प्रश्नावर घाम फुटतो. तीन मिनिटांचं घड्याळ लावून घरातल्या माणसापुढे बोला. प्रत्येक वाक्याला ‘कशावरून?’ विचारणारा एखादा काका कोकणात दर घरटी असतो. त्याच्याकडून घेतलेली उलटतपासणी क्लासच्या नकली मुलाखतीपेक्षा कडक असते. बहिर्जी नाईकांचं नाव मुलाखतीत घ्यायला हरकत नाही, पण ते प्रत्येक जण घेतो.

सराव सगळा उघड साधनांवर करा: वर्तमानपत्रं, भरती-ओहोटीचं कोष्टक, हवामान खात्याची पत्रकं, जहाजांची जागा दाखवणारी सार्वजनिक संकेतस्थळं. तिथे ठिपका नाही म्हणजे जहाज नाही असं समजू नका, लहान होड्यांवर एआयएस, म्हणजे जागा आपोआप कळवणारं यंत्र, बहुधा नसतंच. तटरक्षक दलाची किंवा नौदलाची ठाणी, रडार, गस्ती नौका यांचे फोटो काढायचे नाहीत. १९२३चा शासकीय गुपिते कायदा हौशी लोकांनाही लागू आहे. खरंच काही संशयास्पद दिसलं तर स्वतः छडा लावायला जाऊ नका. सागरी पोलिसांचा १०९३ किंवा तटरक्षक दलाचा १५५४ लावा, आणि फोनवर तीन घरांच्या हिशेबानेच बोला.

परीक्षेचं केंद्र मुंबई किंवा कोल्हापूर आलं आणि दिवस पावसाळ्यातले असले तर आदल्या दिवशीच पोचा. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं आणि आंबा किंवा कुंभार्ली घाटात दरड आली की एसटी कुठून वळवतील सांगता येत नाही. प्रवेशपत्राच्या दोन प्रती, मूळ ओळखपत्र आणि फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी सॅकच्या आतल्या कप्प्यात. बाहेरच्या खिशात पाणी शिरतं.