स्क्रीनशॉट काढला, पण गेला कुठे? या चुका टाळा

लातूर असो की हिंगोली, सोयाबीनचा विमा भरायच्या शेवटच्या दिवसांत सेतू केंद्रावर पाय ठेवायला जागा नसते. अर्ज भरला जातो, पैसे कटतात, स्क्रीनवर अर्ज क्रमांक येतो. कुणीतरी घाईत ‘प्रिंट स्क्रीन’ दाबून पान बंद करतं आणि पुढचा नंबर लागतो. पुढं तक्रार करायची वेळ आली की तो फोटो कुठंच सापडत नाही.

सापडणार कसा? विंडोज १० किंवा त्याआधीच्या कॉम्प्युटरवर नुसतं हे बटण दाबलं की फाईल तयार होत नाही. चित्र क्लिपबोर्डवर, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत थांबतं. त्यानंतर साधा आधार नंबर जरी कॉपी केला तरी आधीच्या चित्राची जागा तो घेतो. लाईट गेली तर सगळंच जातं, आणि आपल्याकडं लाईटचा भरवसा काय धरायचा! म्हणून बटण दाबल्याबरोबर पेंट (विंडोजमधला चित्रांचा प्रोग्राम) उघडा, कंट्रोल आणि व्ही दाबून चित्र चिकटवा, कंट्रोल आणि एसनं सेव्ह करा. त्यानंतरच पान बंद करा.

विंडोज ८ पासून पुढं याहून सोपी सोय आहे. विंडोजचं बटण धरून प्रिंट स्क्रीन दाबा. स्क्रीन क्षणभर अंधारते आणि फाईल ‘पिक्चर्स’मधल्या ‘स्क्रीनशॉट्स’ फोल्डरात जाते. तिथं नसेल तर वनड्राइव्हच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीच्या ‘पिक्चर्स’मध्ये बघा, बऱ्याचदा तिथं निघते. लॅपटॉपवर काहीच होत नसेल तर सोबत एफएन बटण दाबून पाहा.

विंडोज, शिफ्ट आणि एस दाबून हवा तेवढाच भाग घेता येतो. पण पैसे कटले आणि पावती आली नाही, अशा वेळी तुकडा घेऊ नका. वरचा वेबसाईटचा पत्ता आणि खालचं घड्याळ दिसेल असा पूर्ण स्क्रीन घ्या. तारीख-वेळेशिवायच्या फोटोवर समोरचा माणूस सहज शंका घेतो. पावतीचं पान उघडलं असेल तर कंट्रोल आणि पी दाबून पीडीएफच करा. लांब पान असलं तरी ते सगळं त्यात येतं.

सेव्ह करताना फाईलचा प्रकार पीएनजी ठेवा, जेपीजीत बारीक अक्षरं फुटतात. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर तिथंही आकडे पुसट होतात.

आधार किंवा खाते क्रमांक झाकताना हायलायटर फिरवू नका. त्याचा रंग पारदर्शक असतो, खालचे आकडे वाचता येतात. पेंटमध्ये भरीव काळा चौकोन टाका. फोटो कापून जुन्याच नावानं सेव्ह करू नका, नवीन नाव द्या. २०२३ मध्ये विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये, म्हणजे स्क्रीनशॉट काढायच्या-कापायच्या प्रोग्राममध्ये, असा दोष सापडला होता की जुन्याच नावानं सेव्ह केलेल्या फाईलमधून कापलेला भाग परत काढता येत होता. मायक्रोसॉफ्टनं तो दुरुस्त केला, पण अपडेट न केलेले कॉम्प्युटर आणि त्याआधी पाठवलेले फोटो त्या दुरुस्तीत येत नाहीत.